आवाजाची निगा (बोलण्याच्या व्यवसायांतील)

सतत व चढ्या सुरात बोलावे लागणाऱ्यांनी स्वरयंत्र निकोप राखण्याची रीत. ग्रामीण विदर्भात शिक्षक, कीर्तनकार, हर्रास पुकारणारे व झाडीपट्टी या पूर्व विदर्भातील रंगभूमीचे नट यांच्या पोटाचा प्रश्नच आवाजाशी बांधलेला असतो.

आयुर्वेदात आवाज बसण्याच्या विकाराला स्वरभेद म्हणतात. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात (शेवटच्या भागात) त्यावर स्वतंत्र अध्याय असून वातज, पित्तज, कफज, सान्निपातिक (तिन्ही दोषांचा), क्षयज (क्षयामुळे होणारा) व मेदज (मेदामुळे होणारा) असे सहा प्रकार सांगितले आहेत. कारणांच्या यादीत अत्युच्च भाषण आरंभीच येते. त्यानंतर विष आणि अध्ययन म्हणजे मोठ्याने पठण. संहितेचा काळ वादग्रस्त आहे. मूळ गाभा काही अभ्यासक इसवी सनापूर्वी नेतात, तर काही सनाच्या आरंभीच्या शतकांत ठेवतात. उत्तरतंत्र मागाहून जोडले गेले, हे मत अधिक ग्राह्य वाटते. माधवनिदान या रोगनिदानाच्या ग्रंथात (सु. सातवे-आठवे शतक) हीच कारणे येत असल्याने तोवर ती वैद्यांत रुळली असावीत.

जिवंत माणसाचे स्वरतंतू बोलताना कसे हलतात, याचे पद्धतशीर निरीक्षण मात्र मॅन्युएल गार्सिया या गायनशिक्षकाने १८५४ मध्ये आरशाच्या साहाय्याने स्वतःच्याच घशात केले. बोलताना हे तंतू पुरुषांत सेकंदाला सु. १०० ते १३०, तर स्त्रियांत सु. २०० वेळा एकमेकांवर आदळतात. ताण वाढला की दोन्ही तंतूंवर समोरासमोर, पुढच्या एक-तृतीयांश भागाच्या टोकाशी, गाठी धरतात. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो, हे एत्येन लाँबार यांनी १९११ मध्ये दाखवले. पत्र्याच्या छपराखालच्या, दोन इयत्ता एकत्र बसलेल्या वर्गात पावसाळ्यात नेमके हेच घडते.

झाडीपट्टी रंगभूमीचा (भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली) हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे तिचे केंद्र. रात्री उशिरा उघडलेला पडदा पहाटे पडतो. कडाक्याच्या थंडीत मंडपात धूळ उडत असते, संवादामागून लावणी येते, आणि दुसऱ्या रात्री दुसऱ्या गावी प्रयोग असतो. मधली झोप बहुधा गाडीतच होते. अशा नटाला औषधापेक्षा विश्रांती अधिक मोलाची.

ज्येष्ठमध व खडीसाखर तोंडात धरण्याची चाल सर्वत्र आहे. त्याने घसा ओला राहतो, खोकल्याची उबळ शमते. पण गिळलेला रस अन्ननलिकेत जातो, स्वरतंतूंना शिवत नाही. ज्येष्ठमध रोज फार खाल्ल्यास रक्तदाब वाढू शकतो. स्वरतंतूंचा ओलावा दिवसभर थोडेथोडे पाणी पिऊन टिकतो. वाफेनेही आराम पडतो. घसा बसल्यावर कुजबुजणे अनेकांत ताण वाढवते; त्यापेक्षा गप्प राहावे.

खर्रा सोडणे ही निगेतली सर्वांत अवघड बाब. त्यातल्या तंबाखू-सुपारीने तोंड व घशाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. म्हणून तीन आठवड्यांनंतरही न सुटलेला घसा, विशेषतः खर्रा खाणाऱ्याचा, कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून दुर्बिणीने तपासून घ्यावा. ताणामुळे स्वरतंतूंवर धरलेल्या गाठी वेळीच सापडल्या तर बहुधा स्वरोपचारानेच (आवाज योग्य रीतीने वापरण्याच्या सरावाने) विरतात. शस्त्रक्रियेचा विचार त्यानंतर होतो.