हिरण्यकेशीचं पाणी येतं कुठून?

आंबोलीला झुंबड उडते ती जुलै-ऑगस्टमध्ये, धबधब्यापाशी. तिथल्याच हिरण्यकेशीला, म्हणजे त्या नावाच्या नदीच्या उगमाला, मात्र दिवाळीनंतर जावं. पाऊस सरलेला असतो, वाटेवरचा चिखल वाळलेला असतो आणि पाणी नितळ असतं. दाट झाडीतून पायवाटेने गेलं की महादेवाचं देऊळ लागतं. तिथल्या गुहेतून पाणी बाहेर येतं आणि समोरच्या कुंडात जमतं. डबा सोबत असला तर दिवस तिथेच काढता येतो.

पाऊस जाऊन महिना उलटला, धबधबे रोडावले, तरी हे पाणी वाहतंच आहे. धबधब्यातून पडतो तो बहुतांशी कालपरवाचा पाऊस. झऱ्याचं पाणी जमिनीखाली मुक्काम करून आलेलं असतं.

आंबोलीत वर्षाला 7,000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, बहुतेक सगळा चार महिन्यांत. माथ्यावरचा सडा, म्हणजे उघडं खडकाळ पठार, जांभ्याचा. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून इथला काळा कातळ, म्हणजे बेसॉल्ट, तयार झाला. उष्ण आणि ओल्या हवेत तो युगानुयुगं कुजत गेला. त्यातली सिलिका आणि चुना पाण्याबरोबर निघून गेले, लोह आणि ॲल्युमिनियमची संयुगं मागे राहिली. तोच हा तांबडा, भोकाभोकांचा जांभा. पाऊस त्यात सहज मुरतो, पण खाली चिकणमातीचा थर आणि त्याखाली न कुजलेला घट्ट कातळ असतो. तिथे पाण्याची खालची वाट बंद होते आणि ते आडवं सरकू लागतं. डोंगराच्या उताराने जिथे हा सांधा उघडा पाडलेला असतो, तिथे झरा फुटतो. सह्याद्रीत एकाच उंचीवर ओळीने झरे दिसतात, त्यामागे बहुतेकदा असाच एखादा थर असतो.

आत साठलेल्या पाण्याची पातळी जसजशी उतरते, तसा मागचा दाबही कमी होतो. म्हणून झरा एकदम बंद पडत नाही, हळूहळू बारीक होत जातो.

कुंडाखालच्या ओहोळात पाय सोडून बसलं की पाणी गार लागतं. जमिनीत काही मीटर खाली उन्हाळा-हिवाळा फारसा पोहोचत नाही, त्यामुळे झऱ्याचं तापमान त्या जागेच्या वर्षभराच्या सरासरीजवळ राहतं. त्यात पाणी हवेपेक्षा सुमारे 25 पट वेगाने उष्णता वाहून नेतं. जी हवा सुखद वाटेल, त्याच तापमानाचं पाणी म्हणूनच पायांना झोंबतं. डिसेंबरच्या पहाटे उलटं होतं आणि तेच पाणी कोमट भासतं.

काठाच्या साचलेल्या पाण्यावर कधी तेलकट तवंग दिसतो. कुणी डिझेल सांडलं म्हणून चिडण्याआधी काडीने ढवळून पाहा. तेलाचा तवंग पुन्हा जुळून येतो. लोहावर जगणाऱ्या जिवाणूंच्या तवंगाचे तुकडे पडतात आणि ते वेगळेच राहतात. जांभ्याच्या मुलखात हे नवल नाही. नितळ पाणी मात्र न उकळता पिऊ नये. मोठ्या भोकांतून पाणी भराभर खाली येतं आणि गाळलं जायला फारसा वावच मिळत नाही.

याच ठिकाणच्या तळाशी राहणाऱ्या एका छोट्या माशाचं 2020 मध्ये नवी जात म्हणून वर्णन झालं: शिस्टुरा हिरण्यकेशी. पुढच्याच वर्षी राज्य सरकारने देवळाभोवतीची 2.11 हेक्टर जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. माशासाठी हे चांगलंच झालं, कुंडात साबण लावणाऱ्यांना अडवायला आधार मिळाला. पण झऱ्याला पाणी पुरवणारा पाऊस कुंडात पडत नाही, तो वरच्या सड्यावर पडतो. वर रस्ते, बंगले, फरशा वाढल्या की तेच पाणी मुरण्याऐवजी गटाराने वाहून जाणार. सिक्कीममध्ये आटत चाललेल्या झऱ्यांसाठी आधी त्यांना पाणी पुरवणारा उतार शोधला गेला आणि तिथे पाणी मुरवायला चर खणले गेले. जांभ्याच्या सड्यावर भोकं आधीचीच आहेत, ती उघडी ठेवली तरी पुष्कळ काम होईल.