शिशाचा छर्रा पेषणीत जातो तेव्हा

बारा बोअरच्या बंदुकीच्या एका काडतुसात चार नंबरचे साधारण दीडशे छर्रे मावतात. उडत्या बदकावर बार काढला आणि नेम अगदी अचूक लागला, तरी त्यातले मूठभर छर्रे बदकाच्या अंगात शिरतात. बाकीचे पुढे जाऊन पाण्यात पडतात आणि तळाच्या चिखलात रुततात. नेम चुकला तर सगळेच्या सगळे. अमेरिकेतल्या पाणथळ जागांवर पिढ्यान्‌पिढ्या दर हिवाळ्यात असे बार होत राहिले. शिसे पाण्यात लवकर विरघळत नाही आणि गंजून नाहीसेही होत नाही, त्यामुळे आजोबांनी उडवलेले छर्रे नातवाच्या काळातही त्याच चिखलात सापडतात.

शिकारीमुळे पक्षी मरतात म्हटले की आपल्यासमोर येते ते गोळी लागून खाली कोसळणारे बदक. पण न लागलेल्या छर्‍यांनी मेलेली बदके कोणी मोजत नव्हते. इलिनॉयमधले पक्षिशास्त्रज्ञ फ्रँक बेलरोज यांनी १९५९ साली ती मोजायचा प्रयत्न केला. उत्तर अमेरिकेतल्या पाणपक्ष्यांपैकी दोन ते तीन टक्के दरवर्षी शिशाच्या विषबाधेने मरत असावेत, असा त्यांचा अंदाज निघाला. म्हणजे लाखांच्या घरातले पक्षी. शिकारीत शिशाचे छर्रे वापरू द्यावेत की नाही, या अमेरिकेतल्या वादात हा अंदाज पुढे तीस वर्षे वापरला गेला आणि त्या वादाच्या दोन्ही बाजूंना शिकारीच उभे होते. तो वाद समजून घ्यायचा तर आधी बदकाच्या पोटात जायला हवे.

पक्ष्यांना दात नसतात. चावण्याचे काम पोट करते आणि त्यासाठी पोटाचे दोन भाग असतात. पहिला ग्रंथिल जठर, जिथे हायड्रोक्लोरिक आम्ल आणि पेप्सिन स्रवते. दुसरा पेषणी. चिकनच्या दुकानात कलेजीबरोबर मिळणारा पेटा म्हणजेच ही पेषणी. तो कधी हातात घेऊन मधोमध कापून पाहा. जाड, घट्ट, गडद लाल स्नायूंच्या दोन भिंती आणि आत पिवळसर, खरखरीत अस्तर. गावठी कोंबडी असेल तर आत बारीक खडेही सापडतील. ते खडे पक्षी मुद्दाम गिळतो. स्नायूंच्या भिंती एकमेकींवर घासल्या जातात, मध्ये खडे आणि दाणे, आणि जात्यात भरडावे तसे धान्य भरडले जाते. खडे झिजून बारीक झाले की पुढे सरकतात आणि पक्षी नवे खडे शोधायला लागतो.

तलवार बदक चिखलात चोच घालून खडे शोधते. आपल्याकडे हिवाळ्यात जायकवाडीला उतरणारे तलवार बदक आणि अमेरिकेतले तलवार बदक ही एकच जात आहे. त्याला हवा असतो दोन-तीन मिलिमीटरचा, गोल, कठीण कण. चार नंबरचा छर्रा साधारण सव्वातीन मिलिमीटरचा असतो. बी समजून असो की खडा समजून, तो गिळला जातो.

आता शिशाच्या बाबतीत तीन गोष्टी एकाच जागी जुळून येतात. पेषणीतले आम्ल तीव्र असते, सामू दोन-अडीचच्या आसपास. तापमान चाळीस अंशांच्या पुढे. आणि घासणे अखंड चालू. निसर्गात शिशाच्या पृष्ठभागावर ऑक्साइड-कार्बोनेटचा एक थर बसतो आणि आतला धातू सुरक्षित राहतो. पेषणीत हा थर बसूच शकत नाही, कारण वाळूचे खडे तो सतत खरवडून काढतात आणि दर वेळी ताजा धातू आम्लासमोर येतो. जो छर्रा तळ्यात पन्नास वर्षे जवळपास जसाच्या तसा पडून राहिला असता, तो पेषणीत दोन-तीन आठवड्यांत झिजून चपटी टिकली होतो. त्यातले शिसे आयन होऊन आतड्यातून रक्तात उतरते.

इथे आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. अंगात छर्रा रुतलेला पक्षी शिशाच्या विषाने मरतो असे बऱ्याच जणांना वाटते. सहसा तसे होत नाही. स्नायूत आम्ल नसते, घासणे नसते, आणि शरीर त्या छर्‍याभोवती तंतुमय कवच बांधून टाकते. मांसात छर्रे घेऊन वर्षानुवर्षे उडणारी बदके आहेत. तोच छर्रा पेषणीत पडला तर मक्यावर जगणाऱ्या मॅलार्ड बदकाला एकच पुरेसा ठरू शकतो.

रक्तात गेलेल्या शिशाचे पुढे काय होते, हा मला या सगळ्यातला सर्वांत विलक्षण भाग वाटतो. रक्तातले जवळजवळ सगळे शिसे तांबड्या पेशींना चिकटते. या पेशींमध्ये डेल्टा-अमिनोलेव्ह्युलिनिक आम्ल डीहायड्रेटेज नावाचे विकर असते. थोडक्यात त्याला अ‍ॅलॅड म्हणतात. हिमोग्लोबिनमधला हीम तयार करण्याच्या साखळीत सुरुवातीलाच अमिनोलेव्ह्युलिनिक आम्लाचे दोन रेणू जोडून एक कडे बनवावे लागते, ते काम अ‍ॅलॅडचे. या विकराच्या क्रियाशील जागी जस्ताचा एक अणू गंधकयुक्त सिस्टीन अमिनो आम्लांनी धरून ठेवलेला असतो. शिशाला गंधकाची ओढ जस्तापेक्षा कितीतरी जास्त. ते जस्ताला ढकलून त्या जागी बसते, पण जस्ताचे काम त्याला जमत नाही. साखळी तिथेच अडते. साखळीच्या शेवटी हीममध्ये लोह बसवणारे फेरोकेलॅटेज हे दुसरे विकरही शिसे बिघडवते. पक्ष्याला पंडुरोग होतो, आणि वापरले न गेलेले अमिनोलेव्ह्युलिनिक आम्ल साठून चेतासंस्थेला इजा करू लागते. रक्तातल्या अ‍ॅलॅडची क्रिया इतक्या लवकर मंदावते की पक्षी वरून ठणठणीत दिसत असतानाच रक्ताच्या थेंबावरून बाधा ओळखता येते.

शिवाय शिसे कॅल्शियमची जागा चोरते. दोन्हींचे आयन दोन धनभारांचे, म्हणून कॅल्शियमच्या वाटा शिशालाही खुल्या होतात. अंडी घालण्याच्या बेतात असलेली मादी कवचासाठी हाडांत कॅल्शियमचा खास साठा करत असते आणि त्या काळात ती शिसेही जोमाने साठवते. चेतातंतू निकामी होऊ लागले की पेषणी आणि जठराची हालचाल थांबते. मग अन्ननलिका दाण्यांनी गच्च भरलेली असूनही बदक उपासमारीने मरते. छातीचे हाड धारेसारखे वर येते, पंख छपरासारखे उतरते पडतात, उडता येत नाही. ते लव्हाळ्यात जाऊन लपते आणि तिथे कोल्हा किंवा गरुड त्याला उचलतो. दलदलीत प्रेते दिसत नाहीत. म्हणूनच अनेक अनुभवी शिकारी मनापासून म्हणत होते की इतकी वर्षे पाणथळात हिंडलो, विषाने मेलेले बदक कधी पाहिले नाही.

याच ठिकाणी एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. शिशाचे भस्म केले की ते ‘शुद्ध’ आणि निर्धोक होते, असा दावा आपल्याकडे आजही केला जातो. भट्टीत कितीही वेळा तापवले तरी शिशाचा अणू शिशाचाच राहतो. अ‍ॅलॅडला जो चिकटतो तो आयन भस्मातून आला की छर्‍यातून, याने काही फरक पडत नाही. २००४ साली बॉस्टन परिसरातल्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी झाली, तेव्हा १४ उत्पादनांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. त्याच वर्षी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने अशा औषधांतून शिशाची बाधा झालेल्या १२ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. नैसर्गिक किंवा पारंपरिक असल्याने धातूचे रसायनशास्त्र बदलत नाही.

आता शिकाऱ्यांकडे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हौशी शिकार जवळपास बंद केली, त्यामुळे शिकारी आणि निसर्गसंवर्धन हे शब्द शेजारी आले की आपण बिचकतो. अमेरिकेत गावोगावी शिकारी आणि मासेमारांच्या संघटना आहेत. स्वतःचे नेमबाजीचे मैदान, मुलांना गळ टाकायला शिकवण्यासाठी तळे, महिन्याची सभा, आणि त्या सभेत येणाऱ्या विधेयकांवर चर्चा. १९२२ साली शिकागोत ५४ जणांनी सुरू केलेली आयझॅक वॉल्टन लीग त्यातली एक मोठी. अशा लोकांच्या रेट्यामुळे १९२४ साली मिसिसिपीच्या वरच्या खोऱ्यात मोठे अभयारण्य झाले. १९३४ पासून बदकांच्या शिकारीसाठी विशेष तिकीट विकत घ्यावे लागते आणि तो पैसा पाणथळ जागा राखण्यासाठी जातो. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने रायफली, शॉटगन आणि काडतुसांवरचा कर (आता ११ टक्के) राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे वळवला. १९५० साली गळ-दांड्यांवरचा करही असाच मत्स्यसंवर्धनाला जोडला गेला. आपल्या खर्चावर कर लावून घ्यायला यातल्या बऱ्याच संघटना स्वतः पुढे आल्या होत्या, आणि याबद्दल मला त्यांचा मनापासून आदर वाटतो.

शिशाच्या प्रश्नावर मात्र हेच लोक दुभंगले. १९७६ साली केंद्राच्या वन्यजीव विभागाने काही भागांत पोलादी छर्‍यांची सक्ती आणली. बंदूकधारकांची नॅशनल रायफल असोसिएशन न्यायालयात गेली आणि हरली. मग १९७८ साली अलास्काचे सिनेटर टेड स्टीव्हन्स यांनी अर्थसंकल्पाच्या विधेयकात एक दुरुस्ती घातली: राज्याची संमती नसेल तर या नियमाच्या अंमलबजावणीवर केंद्राचा पैसा खर्च करायचा नाही. नियम कागदावर राहिला, पण वरचेवर अडू लागला.

विरोध करणाऱ्यांचा मुद्दा पोकळ नव्हता. शिशाची घनता ११.३, लोखंडाची ७.९. तेवढ्याच आकाराचा पोलादी छर्रा हलका असतो, हवेत वेग लवकर गमावतो आणि लांबून झाडला तर बदक मरण्याऐवजी जखमी होऊन निसटते. जुन्या बंदुकींच्या नळ्यांना तो कठीण धातू सोसत नाही. उपाय होता तो सवय बदलण्याचा: दोन मापांनी मोठा छर्रा वापरायचा आणि बदक जवळ येईपर्यंत थांबायचे. हे शिकवण्याचे काम क्लबांच्या नेमबाजीच्या मैदानांवरच होऊ शकत होते.

कोंडी फुटली ती गरुडामुळे. टकल्या गरुडाला संकटग्रस्त प्रजातींच्या कायद्याचे संरक्षण होते आणि शिसे खाल्लेली दुबळी बदके खाऊन गरुड मरत होते. राज्याराज्यांतल्या शिकारी-मासेमार संघटनांना जोडणाऱ्या नॅशनल वाइल्डलाइफ फेडरेशनने १९८५ साली याच मुद्द्यावर केंद्र सरकारला न्यायालयात खेचले. १९८७ पासून टप्प्याटप्प्याने आणि १९९१ पासून देशभर पाणपक्ष्यांच्या शिकारीसाठी शिशाचे छर्रे बंद झाले. पाच-सहा वर्षांनी मिसिसिपीच्या उड्डाणमार्गावरच्या बदकांच्या पेषण्या तपासल्या, तेव्हा पक्षी छर्रे अजूनही गिळत होते, पण त्यातले बरेचसे पोलादी होते. मॅलार्डमधले शिशाने होणारे मृत्यू ६४ टक्क्यांनी घटले असावेत आणि एकट्या १९९७ साली सुमारे १४ लाख बदके वाचली असावीत, असा संशोधकांचा हिशोब आहे.

मासेमारीत हीच गोष्ट लहान आकारात घडते. कोकणात पागाच्या, म्हणजे फेकून टाकायच्या जाळ्याच्या, काठाला शिशाच्या गोळ्या असतात, तशी अमेरिकेत गळाच्या तंगुसाला शिशाची बारीक वजने लावतात. तंगूस तुटतो, वजन तळ्यात राहते किंवा गळ अडकलेल्या माशाबरोबर फिरते. लून हा मासे खाणारा पक्षी खड्यांबरोबर किंवा त्या माशाबरोबर ते गिळतो आणि दोन ते चार आठवड्यांत मरतो. न्यू हॅम्पशायरमध्ये १९८९ पासूनच्या जवळपास पाव शतकात सापडलेल्या मृत प्रौढ लूनांपैकी निम्म्यांच्या आसपास शिशाच्या गळसामानाने मेलेले निघाले. त्या राज्याने २००० साली लहान वजनांवर पहिली बंदी आणली आणि २०१६ पासून एक औंसापर्यंतच्या वजनांची विक्रीही थांबवली. आता तिथल्या गळसामानाच्या दुकानांत घरातली जुनी शिशाची वजने देऊन खरेदीचे कूपन घेता येते. डब्यात पडलेला जुना माल पाण्यात जाऊ नये यासाठी कायद्याइतकेच हे कूपन महत्त्वाचे आहे.

रायफलीच्या गोळीचा प्रश्न यापेक्षा अवघड आहे. शिशाची गोळी हरणाच्या हाडावर आपटून फुटते. शिकाऱ्याने जागेवर टाकलेल्या आतड्यांचे क्ष-किरण चित्र काढले तर शेकडो पांढरे ठिपके दिसतात. कॅलिफोर्नियाचा काँडोर हा प्रचंड गिधाड तेच खातो. १९८२ साली जगात २२ काँडोर उरले होते. शिसे आज त्यांच्या मृत्यूचे प्रमुख कारण आहे. आपली गिधाडे डायक्लोफेनॅकने गेली तीही याच मार्गाने, मेलेल्या जनावराच्या मांसातून.

१९७६ च्या विषारी पदार्थ नियंत्रण कायद्याने अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेला हजारो रसायनांवर अधिकार दिले, पण काडतुसे त्यातून वगळली. वगळताना व्याख्या वापरली ती करसंहितेच्या ४१८१ या कलमाची. पिटमन-रॉबर्टसनचा निधी ज्या कलमातून येतो तेच हे कलम. २०१० साली शिशाच्या गोळ्यांविरुद्ध आलेला अर्ज संस्थेने याच कारणाने फेटाळला. जानेवारी २०१७ मध्ये ओबामा प्रशासनाच्या शेवटच्या पूर्ण दिवशी राष्ट्रीय अभयारण्यांत शिसे बंद करण्याचा आदेश निघाला आणि दीड महिन्यात तो मागे घेतला गेला. त्यामुळे निर्णय राज्यांकडे राहिला. कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९ पासून सर्व शिकारीसाठी शिसे बंद केले. अ‍ॅरिझोनाने सक्ती टाळली आणि २००५ पासून काँडोरच्या प्रदेशातल्या शिकाऱ्यांना तांब्याच्या गोळ्या फुकट दिल्या. तिथले ८० ते ९० टक्के शिकारी बिनशिशाच्या गोळ्या वापरतात किंवा आतडी उचलून नेतात. कुठलाही आदेश नसताना माणसे इतकी साथ देतात, ही फार मोठी गोष्ट आहे.

तरीही अ‍ॅरिझोनात काँडोर शिशाने मरत राहिले आहेत. काँडोर थव्याने जेवतात. उरलेल्या दहा-वीस टक्क्यांतल्या एका हरणाच्या आतड्यांवर दहा-बारा पक्षी उतरू शकतात, आणि काँडोरची मादी साधारण दोन वर्षांत एकच अंडे घालते.