इस्रायल आणि जगभरातले ज्यू : या नात्याची पार्श्वभूमी आणि त्यातला आपला कोकणचा धागा

इस्रायलचं सरकार, ज्यू एजन्सी (परदेशातल्या ज्यूंना इस्रायलमध्ये आणून वसवणारी संस्था) वगैरे मंडळी अधूनमधून जाहीर करतात की परदेशातल्या ज्यू समाजाशी नातं अजून घट्ट करायचंय, त्यासाठी फंड देणार, तरुणांना इस्रायलला बोलावणार. आपल्याकडे बातमी वाचणाऱ्याला वाटतं की 1948 ला देश झाला, तेव्हापासून हे सुरू झालं असेल. खरं तर हे नातं देशापेक्षा खूप जुनं आहे, आणि ते कायम गोडीगुलाबीचं होतं असंही नाही. मला यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रसंग वाटतो तो आपल्या रायगडच्या बेने इस्रायल लोकांचा, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजाचा, त्यावर सविस्तर लिहितोच, पण आधी थोडं मागे जाऊ.

जुन्या काळी यरुशलेम, हेब्रोन, साफेद, तिबेरिया या चार गावांत थोडे ज्यू राहायचे, बरेचसे गरीब, धर्माच्या अभ्यासात दिवस घालवणारे. त्यांचा खर्च जगभरातले ज्यू उचलायचे. तिथून माणूस निघायचा, सोबत पत्रं घेऊन, आणि येमेन, बगदाद, युरोप, जिथे जिथे समाज असेल तिथे जाऊन वर्गणी गोळा करायचा. 1850 च्या दशकाच्या शेवटी याकोब साफिर नावाचा असाच एक दूत यरुशलेमच्या हुर्वा सिनेगॉगच्या (ज्यू प्रार्थनामंदिराच्या) बांधकामासाठी पैसे जमवायला निघाला आणि येमेनमार्गे थेट हिंदुस्थानात पोचला, मुंबई, कोची सगळं पाहिलं, पुढे ऑस्ट्रेलियापर्यंत गेला. वर्षानुवर्षांचा प्रवास, आणि त्याने सगळं लिहून ठेवलं म्हणून आज कळतं तरी की तेव्हा कुठला समाज कसा जगत होता.

मग 1897 ला स्वित्झर्लंडच्या बाझलमध्ये थिओडोर हर्झलने पहिली झायनिस्ट काँग्रेस भरवली, म्हणजे पॅलेस्टाईनमध्ये ज्यूंचं स्वतःचं घर हवं असं म्हणणाऱ्यांची परिषद, आणि धार्मिक ओढीला राजकीय रूप आलं. 1901 मध्ये जमीन विकत घेण्यासाठी ज्यूइश नॅशनल फंड निघाला, त्याचा तो निळा पत्र्याचा डबा, वर नाणं टाकायला फट, लाखो ज्यू घरांत जाऊन बसला. मुलांनी सुट्टे पैसे टाकायचे, डबा भरला की फंडाचा माणूस येऊन उघडणार. जी जमीन डोळ्यांनी पाहिलेली नाही तिच्यासाठी रोजच्या रोज काहीतरी बाजूला काढायचं ही सवय त्या डब्याने लावली. 1920 ला केरेन हायेसोद हा निधी आणि 1929 ला ज्यू एजन्सी आली. देश व्हायच्या आधीच देशाची यंत्रणा उभी होती आणि ती बाहेरच्या समाजाच्या पैशावर चालत होती, हे नीट लक्षात घ्यायला हवं.

आता आपल्याकडे. बेने इस्रायल समाजाची परंपरा सांगते की फार पूर्वी अलिबागजवळ नवगावला त्यांच्या पूर्वजांचं जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बाकीच्यांना तिथेच पुरलं. पुढे गावोगाव तेलघाणे चालवले, शनिवार हा ज्यूंचा विश्रांतीचा पवित्र दिवस, त्या दिवशी घाणा बंद म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणायचे. पेणकर, रोहेकर, चेऊलकर, दिवेकर, आडनावं ऐकली तर कोण म्हणेल की हे ज्यू? मुंबईत सॅम्युअल इझिकेल दिवेकरांनी 1796 ला सिनेगॉग बांधलं, ते आजही मांडवीत उभं आहे. आणि 1874 ला पुण्यात छापलेला हिब्रू-मराठी हग्गादा, म्हणजे वल्हांडण या ज्यू सणाच्या रात्री घरी वाचायचा ग्रंथ, त्यातली चित्रं जरूर बघा, लुगडं नेसलेल्या बायका जमिनीवर बसून बेखमीर भाकरी करतायत! त्या वाचनाचा शेवट जगभर एकच, पुढच्या वर्षी यरुशलेममध्ये. म्हणजे हर्झल कोण हे माहीत व्हायच्या कितीतरी आधी कोकणातली माणसं दरवर्षी हे म्हणत होती.

गंमत नाही, अगदी गंभीरपणे घेण्यासारखी गोष्ट ही की बाझलच्या त्या पहिल्या काँग्रेसचं आमंत्रण बेने इस्रायल समाजालाही आलं होतं आणि त्यांनी ते नाकारलं. त्यांचं म्हणणं, परत न्यायचं असेल तर देव नेईल, माणसांनी ठराव करून ते होणार नाही. आणि त्यांना इथे त्रासही नव्हता, रेल्वे, पोस्ट, कस्टम, पलटण, सगळीकडे नोकऱ्या होत्या, शेजारपाजार चांगला होता. युरोपातल्या ज्यूंसारखं जीव मुठीत धरून जगणं त्यांच्या वाट्याला आलंच नाही. 1936 ला झायनिस्ट संघटनेने इमॅन्युएल ओल्सवांगरला भारतात पाठवलं, गांधीजींचा आणि काँग्रेसचा पाठिंबा मिळतो का बघायला. पाठिंबा काही मिळाला नाही, 1938 ला गांधीजींनी हरिजनमध्ये उलट स्पष्ट लिहिलं की पॅलेस्टाईन अरबांचं आहे. पण ओल्सवांगरच्या हातून एक मोठं काम झालं, हाईम सॅम्युअल केहिमकर यांनी 1897 च्या सुमाराला लिहून ठेवलेला बेने इस्रायल समाजाचा इतिहास त्याने 1937 ला तेल अवीवमध्ये छापून आणला.

1948 नंतर चित्र पालटलं. 1950 ला परतीचा कायदा झाला, कुठल्याही ज्यूला इस्रायलमध्ये येऊन राहण्याचा हक्क. येमेनमधून 50 हजारांच्या आसपास, इराकमधून लाखाच्या वर माणसं विमानाने आणली. अमेरिकेतले ज्यू मात्र फारसे आले नाहीत, ते पैसे देत राहिले, आणि त्यांच्या मनात धास्ती की उद्या आपल्यावर दुहेरी निष्ठेचा आरोप होईल. म्हणून ऑगस्ट 1950 मध्ये इस्रायलचे पंतप्रधान बेन गुरियन आणि अमेरिकन ज्यूइश कमिटीचे जेकब ब्लॉस्टीन यांच्यात जाहीर समझोता झाला, अमेरिकेतल्या ज्यूंची राजकीय निष्ठा अमेरिकेशीच आणि इस्रायल त्यांच्या वतीने बोलणार नाही. माझ्या मते आजच्या नात्याचा पाया इथे आहे, घटनेत नसलेला पण सगळ्यांनी गृहीत धरलेला.

बेने इस्रायल तेव्हा भारतात 20 हजारांच्या आसपास होते. त्यातले खूपजण निघाले, कोणी धर्मासाठी, कोणी नातेवाईक गेले म्हणून, कोणी इंग्रज गेल्यावर नोकरीचं काय या काळजीने. तिकडे त्यांना बेरशेवा, दिमोना, अश्दोद, लोद अशा ठिकाणी वसवलं, काही तर नुसत्या वाळवंटातल्या वसाहती. काळे म्हणून हिणवलं जाणं, हलकी कामं, हे सगळं सोसावं लागलं. 1951-52 मध्ये एका गटाने ज्यू एजन्सीच्या दारात ठिय्या दिला, आम्हाला परत भारतात पाठवा, आणि दीडशेच्या आसपास लोकांना खरंच परत पाठवलं गेलं. त्यातले बहुतेक पुढे पुन्हा इस्रायललाच गेले.

पण खरा घाव बसला 1961-62 ला. इस्रायलच्या मुख्य रब्बींच्या (ज्यू धर्मगुरूंच्या) मंडळाने आधी सांगितलं की बेने इस्रायलशी लग्नाला हरकत नाही, आणि लगेच नियम काढला की त्यांच्यातलं कोणी दुसऱ्या ज्यूशी लग्न करणार असेल तर आई, आजी, पणजी, जमेल तितक्या मागच्या पिढ्यांची चौकशी करा. शंका अशी की शतकानुशतकं रब्बीच नव्हते तर यांचे काडीमोड, पुनर्विवाह धर्मशास्त्राप्रमाणे झाले असतील का, बाहेरचं रक्त मिसळलं असेल का. विचार करा, दोन हजार वर्षं परमुलुखात शनिवार पाळला, सुंता पाळली, शमा ही प्रार्थना विसरले नाहीत, आणि माहेरी गेल्यावर उंबऱ्यातच विचारतात की तू नक्की आमचीच ना? मला हे वाचताना आजही राग येतो.

तर हा समाज गप्प बसला नाही. 1964 च्या उन्हाळ्यात दूरदूरच्या वसाहतींतून कुटुंबंच्या कुटुंबं यरुशलेमला आली, ज्यू एजन्सीच्या आवारात मुक्काम ठोकला, उपोषणं केली. प्रकरण एवढं तापलं की सुट्टी चालू असताना क्नेसेटचं, म्हणजे इस्रायलच्या संसदेचं, खास अधिवेशन 17 ऑगस्टला घ्यावं लागलं. लेवी एश्कोल पंतप्रधान होते. क्नेसेटने ठराव केला की बेने इस्रायल हे सर्व अर्थांनी ज्यू आहेत, कुठलाही भेद चालणार नाही, आणि त्याच महिनाअखेरीला रब्बींना नियमातून बेने इस्रायल हे नाव काढावं लागलं. नातं घट्ट झालं ते इथे, भांडून. सरकारी योजनेने हे झालं नसतं.

आज इस्रायलमध्ये भारतीय वंशाचे ज्यू अंदाजे 80 हजारांच्या घरात आहेत, भारतात जेमतेम चार-पाच हजार. तिकडे मायबोली नावाचं मराठी नियतकालिक निघतं, आणि शुभकार्याला मलिदा अजून होतो, भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वर फळं, एलियाहू हनाबी या प्रेषिताचं नाव घेऊन. इकडे 2016 ला महाराष्ट्र सरकारने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, आणि 1992 मध्ये भारत-इस्रायल पूर्ण राजनैतिक संबंध सुरू झाल्यापासून जाणंयेणं खूपच सोपं झालंय.

बाकी जगाचं थोडक्यात. 1991 ला इथिओपियातून दीड दिवसात 14 हजारांवर लोक आणले, सोव्हिएत युनियन कोसळल्यावर दहा लाखांच्या घरात आले. 1999 पासून बर्थराईट नावाने परदेशी ज्यू तरुणांना दहा दिवसांची फुकट सहल सुरू झाली. तरी कुणाचा ज्यू धर्म खरा हे कोण ठरवणार, हा जुना प्रश्न डोकं वर काढतोच, 2016 ला यरुशलेमच्या पवित्र पश्चिमी भिंतीपाशी स्त्री-पुरुषांनी एकत्र प्रार्थना करायच्या जागेचा करार झाला, 2017 ला सरकारने तो गोठवला, आणि अमेरिकेतले रिफॉर्म, कन्झर्व्हेटिव्ह या कमी कर्मठ पंथांचे ज्यू भयंकर दुखावले. आणि आपल्याच ईशान्येत, मिझोराम-मणिपूरच्या बेने मेनाशे लोकांना 2005 ला इस्रायलचे तेव्हाचे मुख्य सेफार्दी (ज्यूंची एक शाखा) रब्बी श्लोमो आमार यांनी इस्रायलचे वंशज म्हणून मान्यता दिली, मात्र ज्यू म्हणून राहायचं तर रीतसर धर्मांतर करावंच लागेल ही अट ठेवून. ती अट मान्य करून त्यांच्यातले हजारो तिकडे गेलेत.