कोलोरॅडोचे प्रस्ताव १०९ आणि ११०: कर्ज दोन्हींत, मग फरक कशात?

नोव्हेंबर २०१८ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याच्या मतपत्रिकेवर, थेट मतदारांनी कौल द्यायचे, रस्ते-पुलांसाठी कर्जरोखे काढण्याचे दोन प्रस्ताव लागोपाठ होते. घाईत वाचणाऱ्याला एकच प्रश्न दोनदा विचारल्यासारखा वाटावा, इतके ते सारखे दिसत. खरा फरक होता तो परतफेड कुठून करायची यात.

प्रस्ताव १०९ मध्ये ३.५ अब्ज डॉलरपर्यंत कर्ज काढायचे होते आणि व्याजासह परतफेडीची कमाल मर्यादा ५.२ अब्ज होती. पैसा नावानिशी दिलेल्या ६६ रस्ते-पूल कामांनाच मिळणार होता, बस-रेल्वेला काही नाही. ‘करवाढ नाही’ हे त्याचे मोठे आकर्षण. पण कर वाढला नाही म्हणून हप्ता चुकत नाही. ५.२ अब्ज वीस वर्षांत विभागले की वर्षाला सरासरी २६ कोटी डॉलर होतात, आणि ते राज्याच्या असलेल्याच उत्पन्नातून भरायचे. शाळा, आरोग्य, तुरुंग यांचा खर्चही तिथूनच चालतो. कात्री कुठे लावायची, हे प्रस्तावात ठरवलेले नव्हते. माझ्या मते १०९ ची सर्वांत कच्ची बाजू हीच.

प्रस्ताव ११० मध्ये कर्ज ६ अब्जांपर्यंत आणि परतफेड कमाल ९.४ अब्ज. त्यासाठी राज्याचा विक्रीकर २.९ वरून ३.५२ टक्क्यांवर जाणार होता, म्हणजे शंभर डॉलरच्या करपात्र खरेदीवर ६२ सेंट जास्त, तेही वीस वर्षे. शहर आणि काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) यांचा कर त्याहून वेगळा. नव्या उत्पन्नातला ४५ टक्के वाटा राज्याला, ४० टक्के शहरे-काउंटींना, १५ टक्के बस, सायकल, पादचारी अशा सोयींना. इथे हप्त्याची सोय स्पष्ट होती. पण गाडी नसलेल्यालाही कर भरावा लागणार होता.

मतपत्रिकेची भाषाही दिशाभूल करू शकते. राज्याच्या १९९२ च्या घटनादुरुस्तीनुसार करवाढीला मतदारांची मंजुरी लागते, आणि तो प्रश्न वाढीच्या रकमेनेच सुरू करावा लागतो. म्हणून ११० च्या पहिल्याच ओळीत वर्षाला ७६ कोटी ६७ लाख डॉलरची करवाढ दिसे, तर १०९ ची सुरुवात कर्जाच्या आकड्याने होई. तुलना करायची तर मुद्दलाशी मुद्दल आणि परतफेडीशी परतफेड ताडून पाहावी. परतफेडीचा आकडा ही मर्यादा असते. प्रत्यक्ष व्याज रोखे विकले जातात तेव्हा ठरते. आणखी एक गैरसमज टाळावा: एकाला ‘हो’ म्हटले की दुसऱ्याला ‘नाही’च म्हणायचे, असे बंधन नव्हते.

दोन्ही प्रस्ताव पडले. पेट्रोलवरचा राज्य कर १९९१ पासून गॅलनला २२ सेंटच होता, तो तसाच राहिला. २०२१ मध्ये विधिमंडळाने इंधनावर टप्प्याटप्प्याने वाढणारे शुल्क मंजूर केले. ते कर नसून शुल्क असल्याने मतदारांकडे जावे लागले नाही.