‘नॉर्मल’ पेपर कुणाचा? कृष्णधवल छपाईतल्या कॉन्ट्रास्टची पार्श्वभूमी

ठाण्यात गोखले रोड, राम मारुती रोड, जांभळी नाका या भागांतल्या जुन्या स्टुडिओंच्या माळ्यावरून अजून ब्रोमाइड पेपरची (फोटो छापायच्या कागदाची) पाकिटं निघतात. पाकिटावर २ किंवा ३ असा आकडा असतो. तो कागदाचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे काळ्या-पांढऱ्यातला फरक किती तीव्र छापला जाईल ते सांगतो: आकडा मोठा तेवढा कागद कडक (हार्ड), लहान तेवढा मऊ (सॉफ्ट). आज फिल्मकडे वळलेली मुलं तो आकडा आपल्या मल्टिग्रेड फिल्टरवरच्या (एकाच कागदावर वेगवेगळा कॉन्ट्रास्ट काढायच्या रंगीत काचेवरच्या) आकड्याशी जुळवायला जातात आणि गोंधळतात. त्यांचं काही चुकत नाही. हा घोळ त्या आकड्यातच आहे आणि तो जुना आहे.

अगदी सुरुवातीच्या छपाईत कॉन्ट्रास्ट जवळजवळ सगळा निगेटिव्हमध्येच ठरायचा. उन्हात ठेवलेला कागद जसजसा काळवंडायचा तसतसा त्याचा काळा भाग स्वतःच पुढचा प्रकाश अडवायचा, त्यामुळे भडक निगेटिव्हही त्यावर चालून जायची. १८९० च्या दशकात दिव्याच्या उजेडात छापता येणारे कागद बाजारात आले, पुढे एन्लार्जर (निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणारं यंत्र) घरोघरच्या स्टुडिओत पोचला आणि एकाच निगेटिव्हसाठी सॉफ्ट, नॉर्मल, हार्ड असा कागद निवडण्याची पद्धत रूढ झाली.

आपल्याकडच्या छोट्या स्टुडिओंना ही निवड नावापुरतीच होती. आयातीवर निर्बंध होते, ऊटीच्या सरकारी कारखान्याचा ‘इंदू’ पेपर मिळेल तो घ्यायचा, आणि पासपोर्ट-लग्नाच्या कामाला नॉर्मल आणि हार्ड एवढं पुरे असं गणित होतं. मधली कसर डेव्हलपरवर (प्रिंट उमटवणाऱ्या द्रावणावर) काढायची. त्यातल्या दोन रसायनांपैकी मेटॉल मऊ काम करतं आणि हायड्रोक्विनोन कडक. हायड्रोक्विनोन थंडीत पार मंदावतं आणि गरम पाण्यात सुसाट सुटतं. डेव्हलपर २० अंशांवर धरून बनवलेला, आणि ठाण्याच्या एप्रिल-मे महिन्यांत नळाचं पाणीच तिशीच्या आसपास. म्हणून बर्फाचे तुकडे प्लॅस्टिकच्या पिशवीत गच्च बांधून ट्रेमध्ये सोडायचे. बर्फ थेट टाकला तर डेव्हलपर पातळ होणार. एवढं करूनही प्रिंट झपाट्याने काळा पडायला लागला की घाबरून लवकर उचलला जायचा, मग काळा रंग राखाडीच राहायचा आणि दोष मात्र कागदाच्या नंबरावर जायचा.

त्या नंबराचं खरं दुखणं वेगळं आहे. नंबर कंपन्यांनी आपापल्या सोयीने दिले. एकीचा २ हा दुसरीच्या ३ च्या जवळ बसायचा, आणि ‘नॉर्मल’ म्हणजे नेमकं किती हे कुठे लिहिलेलं नसायचं. त्यावर तोडगा म्हणून आंतरराष्ट्रीय मानकाने ‘आर’ आकडा आणला. कागदाच्या पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत जायला प्रकाशात किती फरक लागतो, त्याच्या लॉगॅरिदमची शंभरपट म्हणजे हा आकडा. १९९४ च्या मल्टिग्रेड पिढीत नंबर २ चा आकडा साधारण ११० होता, म्हणजे साडेतीन स्टॉपपेक्षा थोडा जास्त (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट). ००चा १८०, म्हणजे जवळजवळ सहा स्टॉप, आणि ५ चा ४०, म्हणजे दीड स्टॉपसुद्धा नाही.

मोजायची पद्धत ठरवताना मात्र दोन्ही टोकं छाटली गेली. मोजणी कागदाच्या पांढऱ्याच्या किंचित वरून सुरू होते आणि सर्वांत गडद काळ्याच्या ९० टक्क्यांवर थांबते. कारखान्यात तपासायला हे सोयीचं आहे, पण माझ्या मते छापणाऱ्यावर तो अन्यायच आहे. नवरीच्या शालूची चमक, कपाळावरचा उजेड, सदऱ्याचा पांढरा, हे सगळं नेमकं त्या फिकट टोकाला असतं. सारख्याच ११० चे दोन कागद तिथे अगदी वेगळे वागतात, कारण वाढत्या प्रकाशाबरोबर कागद किती काळा होतो याच्या आलेखात एकाची रेघ तळाशी हळूहळू वर चढते आणि दुसऱ्याची एकदम उठते. आकडा फक्त लांबी सांगतो, वाट सांगत नाही. त्यात एन्लार्जरचा फरक मिळवा. कंडेन्सरच्या (भिंगांच्या) सरळ प्रकाशात तीच निगेटिव्ह डिफ्यूजरच्या विखुरलेल्या प्रकाशापेक्षा साधारण एक नंबर कडक छापते. तेव्हा ‘माझा नंबर २’ हे वाक्य कागद आणि एन्लार्जर दोन्ही सांगितल्याशिवाय अर्धंच राहतं.

१९४० मध्ये ब्रिटनमध्ये मल्टिग्रेड पेपर आला तेव्हा एकाच पाकिटात सगळे नंबर मिळतील असं वचन होतं. त्यात एक कडक आणि एक मऊ इमल्शन (प्रकाशाने काळवंडणारा लेप) असतं, असं अजूनही सर्रास सांगितलं जातं. आजच्या कागदात तसं नाही. त्यातल्या तिन्ही इमल्शनचा कॉन्ट्रास्ट सारखाच असतो. निळ्या प्रकाशाला ती तिन्ही एकाच वेळी उठतात, म्हणून आलेखाचा चढ उभा होतो आणि प्रिंट कडक. हिरव्याला एक लवकर उठतं, दुसरं मागाहून, तिसरं त्याहून उशिरा, म्हणून चढ पसरतो आणि प्रिंट मऊ होतो. पिवळा फिल्टर निळा अडवतो, मॅजेंटा हिरवा अडवतो, त्यामागचं कारण एवढंच.

इथेच ठाणे-नवी मुंबईकरांना एक जाच होता. संध्याकाळी व्होल्टेज उतरलं की एन्लार्जरचा बल्ब पिवळसर होतो, त्यातला निळा घटतो. ठरलेल्या एकाच नंबराच्या कागदावर त्याने फक्त वेळ वाढते, मल्टिग्रेडवर मात्र प्रिंट मऊही पडतो. स्टॅबिलायझर नसेल तर सकाळची टेस्ट स्ट्रिप (उजेडाचा वेळ ठरवायची चाचणीची पट्टी) संध्याकाळी उपयोगाची नाही. तोवर रंगीत मिनिलॅब (झटपट छपाईची यंत्रं) आल्या होत्या आणि बहुतेक स्टुडिओंनी डार्करूमची खोली गोदामाला दिली. २००५ मध्ये एका बड्या अमेरिकी कंपनीने कृष्णधवल पेपर बनवणं थांबवलं, त्याच वर्षी एक मोठी जर्मन कंपनी दिवाळखोरीत गेली, आणि जुन्या नंबरांच्या कागदाचा पुरवठा आटला.

आता वाद स्प्लिट-ग्रेडचा आहे: एकच एक्सपोजर (कागदावर उजेड पाडणं) ० आणि ५ अशा दोन फिल्टरांत विभागून दिल्याने प्रिंटला काही वेगळं मिळतं का, याचा. अख्ख्या प्रिंटवर सरसकट दिलेल्या अशा दोन एक्सपोजरांतून जे निघतं ते मधल्या एखाद्या फिल्टरवर एकाच एक्सपोजरमध्येही निघतं. खरा फायदा डॉजिंग-बर्निंगला (प्रिंटच्या एखाद्या भागाला कमी-जास्त उजेड देण्याला) होतो: आभाळ फक्त मऊ फिल्टरने जाळता, म्हणजे जास्त उजेड देऊन गडद करता येतं आणि खालची काळी झाडं जागची हलत नाहीत.

माळ्यावरच्या पाकिटाचं म्हणाल, तर दमट हवेत वर्षानुवर्षं पडलेला कागद हळूहळू फॉग धरतो (उजेड न दाखवताही राखाडी पडतो) आणि ३ नंबरचा कागदही फिका, मऊ छापतो. छापायला घेण्याआधी सेफलाइटमध्ये (कागदावर परिणाम न करणाऱ्या डार्करूमच्या दिव्यात), बाहेरचा उजेड न दाखवलेली एक पट्टी कापा. अर्धी डेव्हलप करून हायपोत (प्रिंट पक्का करणाऱ्या द्रावणात) टाका, अर्धी नुसती हायपोत. धुऊन वाळल्यावर दोन्ही शेजारी ठेवा. पहिली राखाडी दिसली तर डेव्हलपरमध्ये फॉग रोखणारं थोडं बेन्झोट्रायझोल घालून पुन्हा तपासा, आणि तरीही राखाडीच राहिली तर पाकिटावरचा नंबर विसरा.