कामगंध सापळे (बेळगाव सीमाभाग)

कामगंध सापळे : किडीच्या प्रौढ नरांना गंधाच्या आमिषाने ओढून पकडणारी आणि त्यांच्या मोजणीवरून किडीच्या आगमनाची वेळ ओळखण्याची साधने. बेळगाव जिल्ह्यात खानापूरचे भात, निपाणी-चिकोडीकडील तंबाखू, सोयाबीन व ऊस आणि पूर्वेकडील काळ्या रानातील हरभरा या पिकांसंदर्भात त्यांचा विचार होतो. गुळ-कोंड्याचे विषारी आमिष किडीला मारण्यासाठी असते, मोजण्यासाठी नव्हे. त्यामुळे ते या नोंदीच्या कक्षेत येत नाही.

या पद्धतीचा आरंभ कोठून मानावा याविषयी एकमत नाही. अडॉल्फ बुटेनांट यांनी १९५९ मध्ये रेशीमकिड्याच्या सुमारे पाच लाख माद्यांपासून बॉम्बिकॉल हे मादीचे कामगंध-द्रव्य वेगळे केले, आणि त्याच वर्षी कार्लसन व ल्युशर यांनी अशा गंधद्रव्यांसाठी ‘फेरोमोन’ ही संज्ञा सुचवली. रसायनशास्त्राचे अभ्यासक इतिहास येथून धरतात. मात्र पुसा (बिहार) येथील कीटकशास्त्रज्ञ एफ. एम. हाउलेट यांनी १९१२ मध्येच सिट्रोनेला तेलाकडे फळमाश्यांचे नर येतात हे नोंदवले होते. डास दूर ठेवण्यासाठी वापरलेल्या तेलावर माश्या जमल्या, त्यातून हे लक्षात आले असे सांगतात. पुढे १९१५ च्या सुमारास मेथिल युजेनॉल हे द्रव्य पुढे आले. ते मादीचा कामगंध नसून वनस्पतिजन्य द्रव्य आहे (तुळशीतही आढळते), म्हणून काटेकोर अर्थाने त्याला कामगंध म्हणता येत नाही. तरीही आमिष लावून माशी मोजण्याची रीत हाउलेट यांच्यापासून धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

आमिषातील घटकांचे प्रमाण हा या विषयाचा गाभा होय. हरभऱ्यावरील घाटेअळी (हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा) आणि भातावरील पिवळा खोडकिडा (स्किर्पोफॅगा इन्सर्टुलास) यांच्या माद्या झेड-११-हेक्झाडेसिनाल व झेड-९-हेक्झाडेसिनाल ही तीच दोन द्रव्ये सोडतात. घाटेअळीच्या आमिषात त्यांचे प्रमाण ९७ : ३ असते, खोडकिड्याच्या आमिषात ३ : १. म्हणजे खानापूरच्या भातातील ल्युअर (आमिष भरलेली रबरी गोळी) पूर्वेकडील अथणीच्या हरभऱ्यात निरुपयोगी ठरतो, रसायने तीच असूनही. दुय्यम घटक वगळला तर घाटेअळीचे पतंग फारसे येत नाहीत. ही अल्डिहाइडे हवेत व उन्हात ऑक्सिडीभूत होतात. म्हणून रबरी गोळीत स्थिरीकारक मिसळतात आणि गोळी साधारण तीन आठवड्यांनी बदलावी लागते. न उघडलेली पाकिटे फ्रीजमध्ये ठेवतात. तंबाखू व सोयाबीनवरील पाने खाणाऱ्या अळीचे (स्पोडोप्टेरा लिट्युरा) आमिष अ‍ॅसिटेट वर्गातील असून त्याची पाकिटे वेगळी असतात.

घाटेअळी व पाने खाणारी अळी यांसाठी नरसाळे सापळा वापरतात : वर झाकण, त्याखाली गोळी अडकवण्याची खाच, मग नरसाळे आणि तळाशी लांब प्लास्टिक पिशवी. पिशवीचे खालचे टोक रबराने बांधतात, म्हणजे पतंग मोजून सोडता किंवा झटकता येतात. सर्वेक्षणासाठी हेक्टरी ५ सापळे पुरतात. सापळा पिकाच्या शेंड्यापेक्षा सुमारे एक फूट उंच हवा व पीक वाढेल तसा काठीवर वर सरकवावा. ऊस किंवा मका उंच झाल्यावर हे राहून जाते आणि सापळा पानांत बुडतो. मग पतंग असूनही पिशवी रिकामी दिसते. हरभऱ्यात सलग दोन-तीन रात्री सापळ्यामागे ८ ते १० पतंग पडू लागले की शेतात अंडी व लहान अळ्या पाहण्याची वेळ झाली, असा सर्वसाधारण संकेत आहे. हा आकडा फवारणीचा आदेश नव्हे. सापळ्यात नरच येतात. शिवाय पतंग दुरून उडून आलेले असू शकतात, तर दाट प्रादुर्भावात खऱ्या माद्या गोळीशी स्पर्धा करतात आणि मोजणी उलट घटते. मोठ्या संख्येने सापळे लावून कीड संपवण्याचे दावे होतात, पण एकट्या शेतकऱ्याच्या दोन-चार एकरांत त्यांचा भरवसा कमीच.

चुका बहुधा हाताळणीत होतात. एका जातीच्या गोळीला लागलेले बोट दुसरीला लागले तर मोजणी बिघडते. हातमोजे वा चिमटा वेगळा ठेवावा. जुनी गोळी बांधावर टाकली तर तिचा गंध नव्या सापळ्याशी झगडतो, म्हणून ती गोळा करून शेताबाहेर न्यावी. मुंग्या पकडलेले पतंग पोखरतात आणि संख्या कमी दिसते. खानापूरच्या पावसात चिकट पत्र्याचे सापळे भिजून निकामी होतात. तेथे झाकणाचे नरसाळे बरे. अमेरिकन लष्करी अळी (भारतात प्रथम नोंद २०१८, कर्नाटकातच) हिच्या सापळ्यात इतर जवळच्या जातींचे पतंगही येतात, तेव्हा पंखांवरील खुणा पाहूनच मोजावे.

आंब्यावरील फळमाशीसाठी मेथिल युजेनॉल, वेलवर्गीय भाज्यांवरील फळमाशीसाठी क्यू-ल्युअर हे वेगळे आमिषद्रव्य वापरतात. ५ × ५ × १.२ सेंमी प्लायवूडचा तुकडा अल्कोहोल, मेथिल युजेनॉल व मालॅथिऑन यांच्या ६ : ४ : १ मिश्रणात दोन-तीन दिवस भिजवून छिद्रे पाडलेल्या बाटलीत टांगतात.

नदीकाठच्या उसातील हुमणीसाठी (ल्युकोफोलिस लेपिडोफोरा) मात्र वरीलपैकी कोणतेही आमिष उपयोगी नाही. पहिल्या पावसानंतर संध्याकाळी भुंगेरे थोडा वेळच उडतात, तेवढ्यात ते पाहून वेचावे लागतात. होलोट्रिकिया जातीचे भुंगेरे कडुनिंब व बाभळीवर जमतात. फांद्या हलवून ते रॉकेलमिश्रित पाण्यात पाडतात.

जंगलात अशा सापळ्यांचा वापर आणखी विरळ आहे. खानापूर-लोंढा पट्ट्यातील सागावर पाने खाणाऱ्या अळीचा (हायब्लिया प्युएरा) उद्रेक पावसाच्या तोंडाशी दिसतो. तिचे पतंग प्रकाश सापळ्यांवर पाहिले जातात. मध्य भारतात सालवृक्षाच्या खोडाचे ओंडके ठेचून त्यांच्या रसाने त्या झाडाचे खोड पोखरणारे भुंगेरे ओढण्याची पद्धत आहे, पण बेळगावच्या जंगलात सालवृक्ष नाही.