बिघाड पेरणारी माणसं

जुलै १९६९. अपोलो ११ च्या उड्डाणाला दोन आठवडेही उरले नव्हते आणि ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षात चंद्रावर उतरण्याची तालीम चालू होती. सगळं सुरळीत असताना यानाच्या संगणकाने १२०१ हा इशारा दाखवला. संगणकावर लक्ष ठेवण्याचं काम सव्वीस वर्षांच्या स्टीव्ह बेल्सकडे होतं. हा आकडा किती गंभीर आहे हे त्याला त्या घटकेला ठरवता येईना. त्याने उतरणं रद्द करायला सांगितलं. तालीम संपल्यावर डिक कूस यांनी स्पष्टच सांगितलं की निर्णय चुकला, यान उतरवता आलं असतं.

कूस या तालमींचे प्रमुख होते. यानात काय काय बिघडू शकतं याचा अभ्यास करायचा आणि त्यातला एखादा बिघाड ऐन मोक्याच्या क्षणी पेरायचा, हेच त्यांचं काम. त्यांच्या या पेरणीनंतर संगणकाच्या सगळ्या इशाऱ्यांची यादी करायची असं ठरलं. जॅक गार्मन या चोवीस वर्षांच्या तरुणाने कोणत्या इशाऱ्याला काय करायचं हे हाताने लिहून काढलं. २० जुलैला खरं यान चंद्रापासून सुमारे दहा किलोमीटरवर असताना १२०२ चा इशारा आला. आर्मस्ट्राँग यांनी अर्थ विचारला. गार्मनच्या यादीत तो आकडा होता. अर्ध्या मिनिटाच्या आत ‘पुढे चला’ असं उत्तर गेलं.

तो इशारा नेमका कशाचा होता हे जाणून घेण्यासारखं आहे. चंद्राभोवती फिरणाऱ्या मुख्य यानाशी पुन्हा गाठ घालून देणारं एक रडार उतरताना चालू राहिलं होतं. ते दर सेकंदाला हजारो निरर्थक नोंदी संगणकाकडे पाठवत होतं आणि त्या मोजण्यात संगणकाचा वेळ जात होता. पण त्याच्या रचनाकारांनी प्रत्येक कामाला अग्रक्रम ठरवून दिला होता. पंगत बसायच्या वेळी लग्नघरातली कर्ती बाई जशी रांगोळी अर्धी टाकून वाढपाकडे धावते, तसं त्या संगणकाने बिनमहत्त्वाची कामं सोडून दिली, स्वतःला पुन्हा चालू केलं आणि इंजिन व दिशा सांभाळण्याचं काम धरून ठेवलं. म्हणजे इशारा सांगत होता की ‘काम जास्त झालंय’. ‘मी मोडलोय’ असं त्याचं म्हणणं नव्हतं. हा फरक बेल्सला कळला, कारण तो आधी एकदा चुकला होता आणि त्या चुकीत कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

ही रीत शाळकरी मुलांपर्यंत पोहोचायला मात्र एक दुर्घटना घडावी लागली. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर हे अवकाशयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी नष्ट झालं आणि त्यातले सातही जण गेले. त्यांच्यात ख्रिस्ता मॅकऑलिफ होत्या. न्यू हॅम्पशायरमधल्या काँकर्ड या गावी त्या सामाजिक शास्त्रं शिकवत. अकरा हजारांहून अधिक शिक्षकांच्या अर्जांतून त्यांची निवड झाली होती आणि अवकाशातून त्या थेट दोन पाठ घेणार होत्या. त्या दिवशी अमेरिकेत कितीतरी वर्गांमध्ये टीव्ही लावलेले होते. मुलांनी ते सगळं पाहिलं.

काही महिन्यांतच सातही कुटुंबं एकत्र आली. पुतळा किंवा शिलालेख उभारण्याऐवजी त्यांनी अवकाश शिक्षणाची संस्था काढली, चॅलेंजर सेंटर. यानाचे कप्तान डिक स्कोबी यांच्या पत्नी जून या स्वतः शिक्षणक्षेत्रातल्या. त्यांचा यात मोठा वाटा होता. १९८८ मध्ये पहिलं केंद्र ह्यूस्टनच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात सुरू झालं. मग हळूहळू इतर गावांनी आपापली केंद्रं उभी केली.

तिथे होतं असं. वर्गाचे दोन भाग करतात. अर्धी मुलं नियंत्रण कक्षात, अर्धी यानात. कुणाकडे दिशादर्शन, कुणाकडे संदेशवहन, कुणाकडे प्राणवायू आणि पाणी, कुणी प्रवाशांची तब्येत पाहतं, कुणी यांत्रिक हाताने नमुने हाताळतं. यानातल्या मुलीला हवा असलेला आकडा पलीकडच्या खोलीतल्या मुलाने काढून द्यायचा असतो. त्याचा दशांशचिन्हाचा गोंधळ झाला तर वहीवर लाल फुली पडत नाही, मैत्रिणीचं यान भरकटतं. मोहिमेच्या मध्यावर दोन्ही गट जागा बदलतात. मघाशी ‘लवकर सांगा ना’ म्हणून ओरडणाऱ्याला आता सांगणाऱ्याच्या खुर्चीत बसावं लागतं. माझ्या मते या सगळ्या खटाटोपातली सर्वांत हुशारीची गोष्ट ही अदलाबदल आहे. लुकलुकणारे दिवे आणि यानासारखं दिसणारं दार यांना मी बरंच खालचं स्थान देईन.

आणि मध्येच धोक्याची घंटा वाजते. कर्बवायू वाढलाय किंवा वीज कमी पडतेय. ती वाजवणारी व्यक्ती मुलांना दिसत नाही, पण मोहीम तिच्यावर चालते. कोणत्या गटाला सोपं जातंय, कोण गप्प बसलंय, कुणाला आणखी एक कोडं झेपेल हे पाहत ती बिघाड सोडते. फार लवकर सोडला तर मुलं रडकुंडीला येतात, सोडलाच नाही तर सगळा खेळ सहलीसारखा संपतो.

इथे पैशाचा आणि माणसांचा प्रश्न येतो. मध्यवर्ती संस्था मोहिमेची संहिता, प्रशिक्षण आणि रचना पुरवते. जागा, पगार आणि दुरुस्ती हा भार त्या त्या गावच्या संग्रहालयावर, शाळेवर किंवा विद्यापीठावर असतो. उद्‌घाटनाला देणगीदार मिळतात. फीत कापतानाचा फोटो सगळ्यांनाच आवडतो. पण सात वर्षांनी जुने झालेले संगणक बदलायला कोण पैसे देणार? काही केंद्रं बंद पडली ती अशाच कंटाळवाण्या खर्चांपायी. टिकली ती गावाने धरून ठेवलेली: शाळा दरवर्षी वर्ग पाठवतात, स्थानिक कंपन्या एखाद्या गरीब शाळेचं शुल्क भरतात, निवृत्त अभियंते येऊन बसतात.

युटा राज्यातल्या प्लेझंट ग्रोव्ह गावाची गोष्ट यापेक्षा साधी आहे. व्हिक्टर विल्यमसन या प्राथमिक शिक्षकाने आधी वर्गातच अवकाशमोहिमांचे खेळ सुरू केले आणि १९९० मध्ये शाळेच्या इमारतीला जोडून सिम्युलेटर, म्हणजे तालमीचं नकली यान, उभा केला. केंद्राला नाव दिलं मॅकऑलिफबाईंचं. जुनी जागा सुरक्षेच्या कारणाने २०१२ मध्ये बंद करावी लागली, तरी पुढे केंद्र पुन्हा उभं राहिलं. तिथे स्वयंसेवक म्हणून काम करणारी कितीतरी जण शाळा-कॉलेजातली मुलं. एका वर्षी यानात बसून घाबरलेला मुलगा काही वर्षांनी पडद्यामागे बसून दुसऱ्यांना घाबरवतो. खर्चाच्या दृष्टीने पाहिलं तरी ही व्यवस्था शहाणपणाची, कारण पुढचे चालक आधीच्या प्रवाशांतूनच तयार होतात.

मॅकऑलिफ यांच्या पर्यायी उमेदवार बार्बरा मॉर्गन २००७ मध्ये अवकाशात जाऊन आल्या. मॅकऑलिफ यांनी आखलेले काही प्रयोग २०१८ मध्ये अंतराळ स्थानकावर जो अकाबा आणि रिकी अर्नोल्ड यांनी करून दाखवले. हे दोघंही पूर्वीचे शिक्षक.

आपल्याकडे समाजाच्या पैशातून मुलांसाठी विज्ञानाची जागा उभी राहिल्याचं ठळक उदाहरण पुण्यात आहे. आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेच्या आवारातली मुक्तांगण विज्ञान शोधिका पु. ल. देशपांडे यांच्या नावाने सुनीताबाईंनी दिलेल्या देणगीतून आकाराला आली. तिथे अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंतून खेळणी करत विज्ञान शिकवलं. मोठं यंत्र नसलं तरी चालतं, हे पटवायला महाराष्ट्राला परदेशी दाखल्याची गरज नाही.

अवकाशमोहिमेची तालीमही तशीच स्वस्तात करता येते. शेजारशेजारचे दोन वर्ग घ्या. एक पृथ्वी, एक मंगळाकडे निघालेलं यान. बोलणं फक्त चिठ्ठ्यांवर. पृथ्वी आणि मंगळ अगदी जवळ असतात तेव्हा रेडिओ संदेशाला एका बाजूने जायला साधारण तीन मिनिटं लागतात, सर्वांत दूर असताना बावीस. म्हणून व्हरांड्यात एक मुलगी घड्याळ घेऊन उभी करा. प्रत्येक चिठ्ठी तिने तीन मिनिटं धरून ठेवायची आणि मगच पोहोचवायची. पहिल्या दहा मिनिटांतच मुलांच्या लक्षात येतं की ‘हो का?’ असं विचारण्यात सहा मिनिटं जातात. मग चिठ्ठ्या आपोआप नेमक्या होतात. भाषेच्या तासाला जे जमत नाही ते इथे जमतं.

आता गणित. माणसाला दिवसाला सुमारे ०.८४ किलो प्राणवायू लागतो. यानात सहा जण, साठा ५० किलो, म्हणजे जवळपास दहा दिवसांचा. मदतयानाशी गाठ पडायला नऊ दिवस आहेत. सगळे निर्धास्त झाले की बिघाड पेरायचा: टाकीला गळती, दहा किलो गेले. उरलेले ४० किलो आठ दिवसही पुरत नाहीत. व्यायाम बंद करायचा? पाण्याचं विघटन करून प्राणवायू काढायचा? मग पिण्याच्या पाण्याचं काय, वीज कुठून आणायची? प्रत्येक उत्तर नवा हिशेब मागतं आणि तो हिशेब पलीकडच्या वर्गाकडून यायला सहा मिनिटं लागतात.

हा बिघाड पेरायला शक्यतो वर्गशिक्षक नकोत. मुलं त्यांच्या चेहऱ्यावर उत्तर शोधतात. महावितरणमधून निवृत्त झालेला अभियंता, आयटीआयचे निदेशक, अतिदक्षता विभागात काम केलेली परिचारिका, असं कुणीतरी प्रत्येक तालुक्याच्या गावात असतंच. त्या माणसाला महिन्यातला एक शनिवार मोकळा हवा, आणि उत्तर अगदी ओठांवर आलं तरी गप्प बसता यायला हवं.